दोन जवळजवळ सारख्या पिवळ्या छटांपैकी खोलीसाठी कोणती निवडावी?

मूळ प्रश्न

बसण्या-वाचण्याच्या खोलीला पिवळा रंग द्यायचा, हे घरात सर्वानुमते ठरले आहे. अडले आहे ते छटेपाशी. शेड कार्डावरच्या पट्ट्या एकेक करून बाद करत आता दोनच उरल्या आहेत आणि त्या इतक्या जवळच्या आहेत की त्यांतली एकच समोर धरली तर ती कोणती, हे नाव वाचल्याशिवाय मला सांगता येत नाही. दोन्ही शेजारी शेजारी धरल्या की मात्र फरक कळतो. पहिली जरा स्वच्छ आणि थंड, अगदी किंचित हिरवट झाक असलेली आहे. दुसरी तिच्यापेक्षा मातकट असून तिची झाक तांबूस आहे. कार्डावर छटेच्या नावाखाली प्रकाश-परावर्तनाचा आकडा, म्हणजे एलआरव्ही, दिलेला आहे. तो पहिलीचा ७८ आणि दुसरीचा ७४ आहे.

खोलीला एकच मोठी खिडकी आहे. तिच्यातून थेट ऊन फारसे आत येत नाही आणि बाहेर दाट झाडी आहे. फरशी तपकिरी आहे, छत आणि दाराच्या चौकटी पांढऱ्या आहेत. दुपारनंतर रात्रीपर्यंत खोलीचा वापर सर्वाधिक होतो. माझे वडील तेथे रोज बराच वेळ वाचत बसतात, त्यामुळे खोली उदास वाटू नये आणि रंग डोळ्यांवरही येऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

रंगकाम करणाऱ्यांचे म्हणणे असे की इतका बारीक फरक भिंतीवर गेल्यावर कोणालाही कळणार नाही, तेव्हा कोणतीही एक छटा सांगून मोकळे व्हावे. मला ते पटत नाही, कारण याच दोन पट्ट्यांविषयी घरातल्या माणसांचे मत सकाळी एक असते आणि दिवे लागल्यावर दुसरे होते. हा फरक खरोखर विचार करण्याजोगा आहे का, आणि असल्यास तो कोणत्या रीतीने पारखावा?

प्रतिसाद १

फरक विचार करण्याजोगा नक्कीच आहे, आणि फिकट पिवळ्याच्या बाबतीत तर तो कार्डावर दिसतो त्याहून भिंतीवर अधिक दिसतो. याचे कारण रंगात जितके आहे तितकेच खोलीत आहे. कार्डावरच्या पट्टीवर पडलेला प्रकाश एकदाच परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. खोलीत मात्र एका भिंतीवरून निघालेला प्रकाश समोरच्या भिंतीवर, तेथून छतावर, पुन्हा एखाद्या भिंतीवर असा फिरत राहतो आणि दर वेळी पिवळा रंग त्यातला निळा भाग शोषून घेतो. समजा, एखादी छटा पिवळ्या-तांबड्या प्रकाशाचा ८५ टक्के आणि निळ्या प्रकाशाचा ४५ टक्के भाग परत पाठवते. दोन भिंतींवरून आलेल्या प्रकाशात हेच आकडे ७२ आणि २० होतात, तिसऱ्या भिंतीनंतर ६१ आणि ९. म्हणजे उजेड एक तृतीयांशाहूनही कमी घटला, पण पिवळ्याचे निळ्याशी असलेले प्रमाण दुपटीच्या आसपास होते ते सहापटीच्या पुढे गेले. कार्डावर मऊ वाटलेला पिवळा चारही भिंतींना लागल्यावर भडक का होतो, ते या हिशेबावरून लक्षात येईल. गडद रंग बराचसा प्रकाश पहिल्याच फेरीत गिळून टाकतात, त्यामुळे त्यांच्यात ही भर एवढी जाणवत नाही.

झाकही याच हिशेबाने वाढते, आणि आपल्या दोन छटांच्या झाका तर विरुद्ध दिशांच्या आहेत. एक हिरव्याकडे सरकेल, दुसरी केशरीकडे. एलआरव्हीतला चार अंकांचा फरक त्यामानाने गौण आहे. शंभराच्या मापावर ७४ आणि ७८ या दोन्ही उजळच छटा आहेत आणि केवळ तेवढ्याने खोली अंधारी किंवा उजळ होणार नाही. आपण आकड्यापेक्षा झाकेकडे लक्ष द्यावे.

पारखण्याची रीत विचारली आहे, तर माझा आग्रह असा आहे की भिंतीवर हातभर चौकोन रंगवून निर्णय करू नये. जुन्या रंगाने वेढलेला चौकोन त्या जुन्या रंगाच्या प्रभावाखालीच दिसतो. त्याऐवजी पुठ्ठ्याची दोन सारखी, शक्य तितकी मोठी खोकी घ्यावीत. त्यांच्या आतल्या चारही बाजूंना पांढरा प्रायमर आणि त्यावर एकेका छटेचे दोन हात द्यावेत, तळाला फरशीशी जुळणारा तपकिरी कागद अंथरावा, वरची बाजू पांढरी ठेवावी, एका बाजूला खोलीतल्या खिडकीच्या प्रमाणात चौकोन कापावा आणि समोरच्या बाजूला डोळा लावता येईल एवढे भोक पाडावे. ही खोलीची लहान प्रतिकृतीच असते आणि प्रकाशाचे भिंतीवरून भिंतीवर फिरणे तिच्यात जसेच्या तसे घडते. खोके खऱ्या खिडकीजवळ ठेवून आत पाहाल तेव्हा कोपरे नीट न्याहाळावेत. दोन भिंती जेथे मिळतात तेथे रंग सर्वांत दाट होतो आणि दडलेली झाक तेथेच प्रथम उघडी पडते.

दोन्ही खोक्यांत लागोपाठ डोकावून तुलना करत बसू नये, ही एक सूचना आवर्जून करतो. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो, याचा पद्धतशीर अभ्यास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल यांनी केला. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत ते रंगविभागाचे प्रमुख असताना तेथील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. शोध घेतल्यावर काळ्या लोकरीत दोष नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे ती तशी दिसते, असे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यातून पुढे १८३९ मध्ये त्यांचा रंगविरोधावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या दोन पट्ट्यांचेही तेच होत आहे. शेजारी धरल्या की त्या एकमेकींना अधिक हिरवट आणि अधिक तांबूस दाखवतात. प्रत्यक्ष खोलीत दुसरी छटा असणारच नाही, म्हणून एक खोके एक दिवस आणि दुसरे दुसऱ्या दिवशी, असेच पाहावे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु खोलीचा वापर प्रामुख्याने दिवे लागल्यावर होत असेल तर रंगाच्या आधी दिवा ठरवावा, असे मला वाटते. २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाश किती पिवळसर किंवा निळसर आहे ते सांगणारे माप) दिव्याचा प्रकाश मुळातच पिवळसर असतो आणि त्यात निळा भाग कमी असतो. अशा प्रकाशात पांढरी भिंतही पिवळसर होते, त्यामुळे फिकट पिवळा आणि पांढरा यांतले अंतर घटते आणि तांबूस झाक पुढे येते. ६५०० केल्विनच्या प्रकाशात उलट घडते; हिरवट झाकेचा पिवळा तेथे थंड, क्वचित आजारी दिसतो. दोन छटा एका दिव्याखाली अगदी सारख्या आणि दुसऱ्याखाली स्पष्ट वेगळ्या दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये निरनिराळी असतात. घरातल्या मंडळींचे मत सकाळ-संध्याकाळ बदलते, त्यात त्यांच्या मनाचा दोष मुळीच नाही.

दिव्याच्या वेष्टनावर सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग कितपत खरे दिसतात ते सांगणारा शंभरापैकीचा आकडाही बहुधा छापलेला असतो. वाचनाच्या खोलीसाठी तो ९० किंवा अधिक असलेला दिवा घ्यावा. ८०च्या आसपासच्या साध्या दिव्याखाली पिवळ्यांतले बारीक भेद पुष्कळदा निस्तेज होतात. खोक्याची परीक्षा जो दिवा खोलीत राहणार आहे त्याच दिव्याखाली करावी. मोबाइलवर छायाचित्र काढून मात्र तुलना करू नये, कारण कॅमेरा पांढऱ्याचा समतोल आपल्या मनाने साधतो आणि नेमका तोच पिवळेपणा पुसून टाकतो जो आपल्याला पाहायचा आहे.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

आपल्या सूचनेप्रमाणे खोकी करून पाहिली आणि कार्डावर जे कधीच दिसले नसते ते त्यांत दिसले. पहिली छटा खिडकीजवळ, झाडीकडे तोंड करून ठेवल्यावर कोपऱ्यांत चक्क हिरवी होते. शेवाळलेल्या भिंतीवर उजेड पडावा तशी. मोकळ्या आकाशाकडे तोंड केले की ती पुष्कळ सुधारते, पण खोलीची खिडकी काही हलवता येणार नाही. दुसरी छटा दिवसा शांत आणि प्रसन्न वाटते. रात्री २७०० केल्विनच्या दिव्याखाली मात्र तिचे कोपरे इतके केशरी होतात की आतली हवाच जड वाटू लागते.

म्हणजे दोघींपैकी एक दिवसा अडते आणि दुसरी रात्री. काही जणांनी सुचवले की पहिलीच छटा थोडी करडी करून घ्यावी, म्हणजे तिचा हिरवटपणा दबेल. हा उपाय योग्य ठरेल का?

प्रतिसाद ३

रंगकाम हा माझा व्यवसाय आहे, म्हणून या शेवटच्या सूचनेबद्दल तातडीने लिहितो. कृपया तसे करू नये. कोणताही रंग करडा करण्यासाठी साधारणपणे त्यात काळा मिसळतात, आणि पिवळ्यात काळा पडला की तो हिरव्याकडे झुकतो. पिवळा हा रंग उजळ असतानाच पिवळा दिसतो. त्याचा उजळपणा काढून घेतला की डोळा त्याला पिवळा म्हणून ओळखत नाही, शेवाळी किंवा खाकी म्हणून ओळखतो. निळ्याचे किंवा तांबड्याचे असे होत नाही, गडद निळा निळाच राहतो. ज्या खोलीत थेट ऊन येत नाही तिच्या कोपऱ्यांत सावली असणारच, आणि काळा मिसळलेला पिवळा त्या शेवाळी रंगाच्या अर्ध्या वाटेवर आधीच येऊन बसलेला असतो. माझा अंदाज असा आहे की आपल्या पहिल्या छटेतली हिरवट झाकही थोड्या काळ्यामुळेच आलेली असावी.

हे अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. यंत्रावर रंग मिसळून दिला जातो तेव्हा डब्यावर चिकटवलेल्या कागदावर कोणकोणती रंगद्रव्ये किती प्रमाणात घातली ते बहुधा छापलेले असते. नमुन्याचे लहान डबे घेतले असतील तर त्यांवर पाहावे, नाहीतर रंग मिसळून देणाऱ्याला विचारावे. तो ते संगणकावर पाहून सांगू शकतो. दोन छटा कार्डावर जुळ्या वाटल्या तरी त्यांची घडण अगदी निराळी असू शकते. पिवळा आयर्न ऑक्साइड, म्हणजे पिवळ्या गेरूतले मुख्य द्रव्य, मातकट असतो, उन्हाने सहसा उडत नाही आणि खालचा रंग चांगला झाकतो. सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगांपासून बनलेली पिवळी द्रव्ये अधिक चमकदार आणि स्वच्छ असतात, परंतु ती बरीच पारदर्शक असतात आणि भरपूर पांढऱ्यात थोडीशी मिसळली असता प्रकाशात टिकण्याची त्यांची ताकद घटते. आपल्या छटा फिकट असल्याने त्यांत टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरा, मुबलक आहे. त्यामुळे खालचा रंग झाकला जाईल की नाही याची चिंता आपल्याला फारशी नाही. दाट पिवळा निवडला असता तर पांढऱ्या प्रायमरवरही तीन-चार हात द्यावे लागले असते.

जी छटा मातकट दिसते तिचा मातकटपणा काळ्यामुळे आहे की पिवळ्या आणि तांबड्या आयर्न ऑक्साइडमुळे, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ऑक्साइडमुळे असेल तर ती छटा अंधूक उजेडातही मळकट होत नाही, फक्त उबदार होते. रात्रीचा केशरीपणा कमी करण्याचा मार्गही मग सोपा आहे: त्याच पट्टीवरची एक पायरी फिकट छटा घ्यावी. पहिल्या प्रतिसादातला हिशेब ध्यानात घेतला तर एक पायरी फिकट छटा खोलीत आपल्याला हव्या असलेल्या पायरीवरच येऊन पोहोचेल.

भिंतीसाठी चकाकी नसलेले मॅट इमल्शन घ्यावे. चकचकीत भिंत खिडकीचे प्रतिबिंब धरते आणि बाहेरचा हिरवा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी दाखवते. आणखी एक सावधगिरी सांगतो. खाली फार जुना पिवळा तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नये. पूर्वी वापरात असलेल्या क्रोम यलो या रंगद्रव्यात शिसे असते आणि त्याची धूळ श्वासावाटे जाणे धोक्याचे असते. असा थर तपासून घ्यावा आणि तोवर त्याला हात लावू नये.

प्रतिसाद ४

वडिलांच्या वाचनाचा उल्लेख आपण केला आहे, त्याबद्दल थोडेसे. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अधिक अडवू लागते. त्यामुळे पांढरा आणि फिकट पिवळा यांतला भेद वृद्ध माणसाला तरुणाइतका सहज दिसत नाही, आणि आपल्याला जाणवणारा या दोन छटांतला भेद तर त्यांना कदाचित जाणवणारही नाही. त्यांचे मत जरूर घ्यावे, पण प्रश्न वेगळा विचारावा. कोणती छटा चांगली, असे न विचारता खोक्यापाशी बसून छापील पान समोर धरावे आणि पान भिंतीपासून उठून दिसते का, नजर भिंतीवर गेल्यावर त्रास होतो का, हे विचारावे. पानावरचा उजेड भिंतीच्या छटेपेक्षा त्यांच्या खुर्चीजवळच्या दिव्यावर अधिक अवलंबून आहे, तेव्हा त्या दिव्याची स्वतंत्र व्यवस्था करावी.

खोक्यात डोकावताच मत बनवू नये, असेही सांगावेसे वाटते. डोळा त्या उजेडाला सरावायला काही मिनिटे घेतो. सरावला की भिंतीचा पिवळेपणा कमी जाणवतो आणि खिडकीबाहेरचे आकाश अधिक निळे दिसू लागते. खोलीत तासन्‌तास बसणाऱ्याला ही सरावलेली नजर महत्त्वाची, दारातून आत येणाऱ्याला पहिली नजर महत्त्वाची. आपल्या खोलीत कोण अधिक वेळ बसते हे आपण सांगितलेच आहे.

छताच्या पांढऱ्याकडेही पाहावे. निळसर झाकेचा कडक पांढरा शेजारच्या पिवळ्याला आणखी पिवळा करतो. छताला आणि चौकटींना किंचित उबदार पांढरा दिला तर भिंत आपोआप शांत होते आणि त्यासाठी भिंतीची छटा बदलावी लागत नाही.

दोन्ही छटा वापरण्याचा मोह कोणाला झालाच, तर त्याबद्दल एक उदाहरण देतो. चित्रकार क्लोद मोने १८८३ पासून फ्रान्समधील झिव्हेर्नी येथील ज्या घरात राहिले, तेथील भोजनकक्ष पिवळ्याच्या दोन छटांनी रंगवलेला आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. परंतु अशी जोडी जमवताना दोन्ही छटांची झाक एका जातीची आणि उजळपणा स्पष्ट वेगळा असेल तर ती जाणूनबुजून केलेली वाटते. आपल्याकडे नेमके उलट आहे: उजळपणा जवळजवळ सारखा आणि झाका विरोधी. त्या एका खोलीत आल्या तर एकीवर डाग पडल्यासारखे दिसेल, म्हणून एकच निवडावी.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

डब्यांवरचे कागद पाहिले. पहिल्या छटेत सेंद्रिय पिवळा आणि थोडा काळा आहे. दुसरीत पिवळा आयर्न ऑक्साइड, किंचित तांबडा ऑक्साइड आणि पांढरा, काळा अजिबात नाही. स्वच्छ दिसणाऱ्या छटेत काळा निघेल आणि मातकट दिसणारीत निघणार नाही, हे कार्डाकडे कितीही वेळ पाहून मला कळले नसते.

आता दुसऱ्या पट्टीवरची एक पायरी फिकट छटा खोक्याला आतून लावून पाहिली आहे. दिवसा झाडीकडे तोंड करूनही ती हिरवट होत नाही, आणि दिवा २७०० ऐवजी ३००० केल्विनचा, सीआरआय ९०चा लावल्यावर रात्रीचे कोपरेही केशरी न होता मऊ पिवळे राहतात. वडिलांनी त्या खोक्यापाशी पान धरून वाचले आणि भिंतीकडे त्यांचे लक्षही गेले नाही, हे मला फार आश्वासक वाटले. तीच छटा मॅटमध्ये घेण्याचे आणि छताला उबदार पांढरा देण्याचे ठरवले आहे. काम सुरू करण्यापूर्वी आणखी काही काळजी घ्यावी का?

प्रतिसाद ३ देणाऱ्याकडून

निवड योग्य झाली आहे. खोलीला लागणारा सगळा रंग एकाच वेळी मिसळून घ्यावा आणि सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकजीव करूनच वापरायला घ्यावेत; वेगवेगळ्या डब्यांतला बारीक फरक पिवळ्या भिंतीवर भर मध्यात रेघ दिसावी तसा दिसतो. उरलेला रंग घट्ट झाकण लावून जपून ठेवावा, पुढे एखादा ओरखडा बुजवायला तोच लागेल. पहिला हात दिल्यावर छटा फारच फिकट वाटली तर काम थांबवू नये. इमल्शन ओले असताना त्यातला चीक दुधाळ असतो, म्हणून ते फिके दिसते, आणि सुकल्यावर एक-दोन पायऱ्या दाट होते. दोन्ही हात पूर्ण सुकल्यावर, फरशीवरचे पांढरे आच्छादन काढून टाकून मगच भिंतीकडे पाहावे, कारण त्या आच्छादनावरून उसळणारा उजेड तपकिरी फरशीच्या उजेडाहून निराळा असतो.